टाळ, मृदंग आणि वायरलेसचा आकडा: पीएलएलची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात जे आलं ते बहुतेक तसंच ठेवलंय, आकडे तेवढे नीट मांडून दिलेत.

आजचा विषय नावाने अवघड आहे. फेज-लॉक्ड लूप, म्हणजे पीएलएल. पण घाबरू नका. ज्याने गावातल्या देवळात एकदा तरी भजन ऐकलंय, त्याला हा विषय निम्मा आधीच येतो. कसा, ते पुढे सांगतो. आधी हा विषय आपल्या जिल्ह्यातून का सुरू करायचा ते बघू.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपला धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. किल्लारी लातूर जिल्ह्यातलं, सास्तूर आपल्याकडचं. ६.२ तीव्रता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १० हजार माणसं गेली.

तेव्हा मोबाइल नव्हता. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ ला. गावात एखादा लँडलाइन फोन असला तर असला. अशा वेळी पोलिसांचं वायरलेस आणि त्याच्या जोडीला हॅम रेडिओवाले, म्हणजे परवाना घेऊन स्वतःचा वायरलेस चालवणारे हौशी लोक, यांचं मोल कळतं. भारतातल्या हॅम रेडिओचा इतिहास कुणीही सांगायला बसला की १९९३ चा हा भूकंप, १९९९ चं ओडिशाचं चक्रीवादळ आणि २००१ चा भुजचा भूकंप ही नावं येतातच.

आता माझा प्रश्न. एक माणूस ढिगाऱ्याजवळ संच घेऊन उभा आहे, दुसरा शंभर-दोनशे किलोमीटरवर. दोघांचे संच वेगळ्या कंपन्यांचे, कदाचित एकाचा घरी बांधलेला. हवेत हजारो फ्रिक्वेन्सी मोकळ्या. मग दोघंही बरोबर एकाच आकड्यावर येतात कसे? आणि आल्यावर तिथेच टिकतात कसे?

बरोबर म्हणजे किती बरोबर?

एक उदाहरण घेऊ. हौशी लोकांचा भारतातला एक पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. समजा दोघांनी ठरवलं, १४५.५०० वर भेटायचं. एका मेगाहर्ट्झमध्ये सेकंदाला दहा लाख कंपनं, म्हणजे इथे साडेचौदा कोटींहून जास्त. यात ५ किलोहर्ट्झची चूक झाली तरी आवाज फाटायला लागतो. ही चूक म्हणजे २९ हजारांत एक. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर दिवसाला तीन सेकंद. तीन सेकंद पुढे-मागे होणारं घड्याळ आपण उत्तम समजतो, पण वायरलेसमध्ये तेवढ्यावर शब्द कळेनासे होतात.

सुरुवातीच्या रेडिओत ही कंपनं एक तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आणि एक कपॅसिटर यांच्या जोडीतून तयार व्हायची. गुंडाळी तापली की किंचित फुगते, फ्रिक्वेन्सी सरकते. संचाला धक्का बसला, सरकते. बॅटरी उतरली, सरकते. आजोबांच्या रेडिओची सुई आठवते? गाणं लागलं की थोड्या वेळाने पुन्हा बटण किंचित फिरवावं लागायचं. ऐकण्यापुरतं ते चालून जातं. दोन्हीकडून बोलायचं असेल तर दोघंही सरकतायत, आणि एकमेकांना शोधत बसतायत.

हा आकडा जुळणं किती मोलाचं असतं याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण मुंबईचं. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ. गेल्या काही वर्षांत त्यावर हिंदी सिनेमाही आला, पाहिला असेल. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी वायरलेसचे परवाने रद्द केले होते, आणि या गुप्त केंद्राचा ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी वायरलेसवाल्या तंत्रज्ञाचा हात होता. केंद्र मुंबईत जागा बदलत राहिलं, पण लोकांना आकडा सांगितला होता: ४२.३४ मीटर. आजच्या भाषेत साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. जागा लपवायची, पण आकडा जगजाहीर ठेवायचा! कारण आकडा हरवला तर ऐकणारा हरवला. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी छापा घालून उषाबेनना पकडलं. आणि गंमत बघा, तो ७.०८ चा आकडा आज हौशी लोकांच्याच ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो.

एक खडा, एक आकडा

सरकणाऱ्या गुंडाळीवरचा उपाय निसर्गातच होता: क्वार्ट्झ, गारगोटीच्या जातीचा स्फटिक. १८८० मध्ये फ्रान्सच्या पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवलं की असा स्फटिक दाबला की त्यावर विजेचा भार तयार होतो. उलटही खरं: वीज दिली की तो किंचित हलतो. त्याची पातळ चकती कापली तर ती ठरलेल्याच वेगाने थरथरते, घंटेला तिचा स्वतःचा सूर असतो तशी. अमेरिकेत वॉल्टर केडी यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा स्फटिकावर चालणारा ऑसिलेटर, म्हणजे कंपनं तयार करणारं सर्किट, बनवला. तुमच्या मनगटावरच्या घड्याळात आहे तोच हा क्वार्ट्झ.

पण इथे एक अडचण आली. स्फटिक स्थिर आहे, कारण तो हट्टी आहे. एक खडा, एक आकडा. दुसरी फ्रिक्वेन्सी हवी? दुसरा खडा आणा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांत एससीआर-५०८ नावाचा संच असायचा. त्याच्यासोबत स्फटिकांची पेटी यायची, ८० चॅनेलसाठी ८० स्फटिक!

हौशी माणसाच्या खिशाला हे कसं परवडणार? ज्याच्याकडे जो खडा, तो त्याच आकड्यावर. समोरच्याकडे तोच खडा नसेल तर दोघं शेजारी उभे राहूनही वायरलेसवर बोलू शकणार नाहीत. आपत्तीच्या जागी याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

म्हणजे हवं काय होतं? स्फटिकाचा स्थिरपणा आणि गुंडाळीचा लवचिकपणा, दोन्ही एकाच संचात. आता भजनाकडे या.

टाळकरी आणि मृदंगवाला

देवळात भजन रंगलंय. एक टाळकरी आहे, पक्का. संथ वाजवतो, पण त्याची लय केसभर ढळत नाही. दुसरा मृदंगवाला. त्याचा हात भारी जलद, पण त्याला एकट्याला सोडलं तर लय वाढत जाते नाहीतर पडत जाते.

मृदंगवाल्याला सांगितलं, टाळाच्या एका ठोक्यात तू १६ मात्रा वाजव. तो काय करतो? मनात मोजतो: एक, दोन, तीन... सोळा. सोळा झाल्या की सम आली. आता कान देतो: माझी सम आणि टाळाचा ठोका एकत्र पडला का? आपण आधी पोचलो तर हात किंचित सैल, मागे राहिलो तर किंचित घाई. परत सोळा, परत कान, परत दुरुस्ती. दोन-चार आवर्तनांत दोघं असे जुळतात की ठोका एकच ऐकू येतो.

झालं! हाच पीएलएल. टाळकरी म्हणजे स्फटिक. मृदंगवाला म्हणजे विजेच्या दाबावर, व्होल्टेजवर, वेग बदलणारा ऑसिलेटर. त्यात व्हॅरॅक्टर नावाचा डायोड असतो. त्याला कमी-जास्त व्होल्टेज दिलं की त्याची कपॅसिटी बदलते आणि फ्रिक्वेन्सी सरकते. बोटांवर मात्रा मोजणं म्हणजे डिव्हायडर, भागाकार करणारं सर्किट. कान म्हणजे फेज कंपॅरेटर, दोन ठोक्यांत कोण पुढे, कोण मागे, हे सांगणारा. आणि ऐकलेलं लगेच हातात न उतरवता जरा सबुरीने उतरवणारं मन म्हणजे लूप फिल्टर.

आता खरी जादू बघा. टाळकऱ्याला हातही न लावता मृदंगवाल्याला सांगा, १६ ऐवजी १७ मात्रा घे. त्याला वेग वाढवावाच लागेल, नाहीतर सम चुकेल. वेग बदलला, पण पक्केपणा टाळकऱ्याचाच राहिला. मोजायचा आकडा बदलला की नवी फ्रिक्वेन्सी तयार, आणि खडा तोच. यालाच म्हणतात फ्रिक्वेन्सी सिंथेसिस.

खऱ्या संचातले आकडे घ्या. अशा संचांत १२.८ मेगाहर्ट्झचा स्फटिक बऱ्याचदा असतो. त्याला ५१२ ने भागलं की २५ किलोहर्ट्झ. हा आपला टाळ. १४५.५०० हवं असेल तर ऑसिलेटरच्या कंपनांना ५८२० ने भागायचं. १४५.५०० भागिले ५८२० बरोबर २५ किलोहर्ट्झ, सम जुळली. १४५.५२५ वर जायचंय? ५८२० च्या जागी ५८२१ करा. ऐकताना संच आतून थोडा वेगळा आकडा धरतो, पण हिशोब याच जातीचा. आणि जोवर सम जुळत नाही तोवर चांगला संच प्रसारणच करू देत नाही, नाहीतर तो दुसऱ्याच्याच फ्रिक्वेन्सीवर जाऊन ओरडेल.

कल्पना जुनी, चिप नवी

ही कल्पना कुणा मोबाइल कंपनीची नाही. फ्रान्सचे आंरी द बेलसीझ यांनी १९३२ मध्ये आपल्या लेखात ती मांडली. त्यांना संच बोलता करायचा नव्हता, रेडिओवर येणाऱ्या लहरीशी आपला ऑसिलेटर जुळवून ऐकणं सुधारायचं होतं. पण तेव्हाच्या दिव्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या जमान्यात हे महागडं आणि किचकट प्रकरण होतं. पुढे टेलिव्हिजन आला. पडद्यावरच्या रेघा केंद्राच्या लयीत आखल्या नाहीत तर चित्र फाटतं, म्हणून तिथे हे लूप घरोघरी पोचलं.

मग अवकाश. अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या जॅफी आणि रेक्टिन यांनी १९५५ मध्ये अशा लूपचं गणित नीट मांडलं. १९५८ च्या एक्स्प्लोरर-१ उपग्रहावरचा एक ट्रान्समीटर फक्त १० मिलिवॉटचा होता. एवढी क्षीण लहर गोंगाटातून पकडून तिच्याशी लय धरून ठेवण्याचं काम जमिनीवरच्या लूपने केलं.

संचांमध्ये मात्र पीएलएल खऱ्या अर्थाने आला तो १९७० च्या दशकात, चिपमुळे. अडचण होती मोजण्याची. त्या काळच्या साध्या डिजिटल चिप सेकंदाला दहा-वीस कोटी कंपनं मोजताना दमायच्या. मग आधी जलद प्रीस्केलरने संख्या खाली आणायची आणि मग सावकाश मोजायची, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत ट्रकवाले वापरायचे त्या सीबी रेडिओवर हा बदल लख्ख दिसतो. २३ चॅनेलच्या जुन्या संचांत १४ स्फटिकांची उलटसुलट जोडणी करून काम भागवायचे. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले आणि कंपन्यांनी स्फटिकांचा ढीग सोडून पीएलएल चिप धरली.

हौशी लोकांच्या हातातलं उदाहरण म्हणजे जपानच्या आयकॉम कंपनीचा आयसी-२एटी, १९८० च्या सुमाराचा. वरच्या बाजूला बोटाने फिरवायची छोटी आकड्यांची चाकं. चाकावर आकडा लावला की तोच आतल्या डिव्हायडरला मिळणार. मला हा संच आवडतो, कारण यात इतिहासाचं वळण डोळ्यांनी दिसतं. फ्रिक्वेन्सी आता विकत आणायची वस्तू राहिली नाही, सांगायचा आकडा झाली.

१९९३ पर्यंत असे संच जगभर पसरले होते, आणि भारतात त्यांच्या बरोबरीने घरी बांधलेलेही चालायचे. भूकंपाच्या जागी एकाने आकडा सांगायचा, दुसऱ्याने लावायचा, आणि बोलणं सुरू.

फुकट काही नसतं

मग पीएलएलमध्ये खोट नाही का? आहे ना. टाळकऱ्याचा हात किंचित थरथरला तर मृदंगवाला तो थरथराट कितीतरी पटीने वाढवून वाजवतो. आपल्या उदाहरणात ५८२० पट! याला फेज नॉइज म्हणतात, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरची क्षीण हाक त्यात बुडू शकते. बारीक पायऱ्या हव्यात म्हणून टाळ आणखी संथ केला तर आकडा आणखी मोठा होतो, आणि सम कधीतरीच येत असल्याने जुळायलाही वेळ लागतो. मन फार उतावळं ठेवलं तर हात थरथरतो, फार सुस्त ठेवलं तर जुळतच नाही. जुने हौशी लोक पहिल्या पिढीच्या सिंथेसाइझ्ड संचांवर नाकं मुरडायचे ती उगाच नाही.

यावरची एक तोड म्हणजे फ्रॅक्शनल-एन. एका आवर्तनात १६, पुढच्यात १७, परत १६, परत १७. सरासरी साडेसोळा! म्हणजे टाळ जलदच ठेवून मधल्या पायऱ्याही गाठता येतात.

याचं आपल्या शेजारचं सुंदर उदाहरण हैदराबादचं. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत आपला जिल्हा होता, त्याच शहरातले अशहर फरहान. त्यांनी २००० नंतरच्या दशकात बिटएक्स नावाचा हौशी ट्रान्सीव्हर जगासमोर ठेवला. कल्पना अशी की भारतातल्या साध्या दुकानात मिळणाऱ्या सुट्या भागांत तो बांधता यावा. एक कॉइल तर नळाच्या वॉशरवर गुंडाळलेली! पण सुरुवातीच्या बिटएक्समध्ये फ्रिक्वेन्सी जुन्या पद्धतीने, गुंडाळीनेच ठरायची, आणि ती सरकायची. नंतरच्या आवृत्त्यांत एसआय ५३५१ ही नखाएवढी चिप आली. तिच्या पोटात दोन पीएलएल. २५ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक, त्यावरून ६०० ते ९०० मेगाहर्ट्झमध्ये जुळवलेला ऑसिलेटर, आणि मग भागाकार.

त्या चिपकडून काँग्रेस रेडिओचा आकडा काढून बघू? २५ गुणिले २८.३२ म्हणजे ७०८. त्याला १०० ने भागा: ७.०८ मेगाहर्ट्झ. १९४२ मध्ये ज्या आकड्यासाठी लोकांनी तुरुंग पत्करला, तो आज दोन गुणाकार-भागाकारांत निघतो.

तुमच्या खिशातला टाळकरी

हे ऐकताय तो फोनही अशा लूपवरच चालतो. जुन्या टू-जी फोनमध्ये १३ मेगाहर्ट्झला ६५ ने भागून २०० किलोहर्ट्झच्या पायऱ्या काढता यायच्या. आजच्या फोनमध्ये मोबाइल नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस, सगळ्यांना लूप लागतं.

पण एक फरक लक्षात ठेवा. फोनचा स्वतःचा स्फटिक असतो, पण तो आपली लय टॉवरकडून ऐकून सुधारतो, आणि टॉवरने जागा दिल्याशिवाय फोन बोलत नाही. टॉवर पडला की लाखाचा फोन टॉर्च म्हणून उरतो. हॅमच्या संचात टाळकरी त्याच संचात बसलेला असतो. बॅटरी आणि अँटेना असली की तो कुणाला न विचारता बरोबर आकड्यावर येतो. १९९३ नंतर आपल्याकडे टॉवर गावोगाव आले, म्हणून हौशी वायरलेसची गरज संपली असं मी म्हणणार नाही.

याची दुसरी बाजूही आहे. पूर्वी तुमच्याकडे खडा नसेल तर तुम्ही त्या फ्रिक्वेन्सीवर जाऊच शकत नव्हता. खडाच पहारेकरी होता. आज ऑनलाइन मिळणाऱ्या काही हजारांच्या हँडसेटवर कीपॅडने आकडा दाबला की पोलिसांच्याही फ्रिक्वेन्सीवर पोचता येतं. चिप विचारत नाही तुम्ही कोण. म्हणून आता पहारेकरी म्हणजे नियम आणि आपली अक्कल. परवान्याशिवाय असा संच चालवणं गुन्हा आहे. आणि आपत्तीच्या वेळी नुसतं बटण दाबून धरलं तरी कुणाची तरी मदतीची हाक त्याखाली दबते.

परवाना अवघड नाही. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम. वय १२ पूर्ण असलं की बसता येतं. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघा.

आणि एक काम तुमच्याकडे सोपवतो. सास्तूर, लोहारा, उमरगा, औसा, किल्लारी या भागात ज्यांचं घर आहे, त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारा: भूकंपानंतर पहिली खबर तुमच्यापर्यंत कशी आली? कुणाच्या फोनवर, कुणाच्या वायरलेसवर, की चालत आलेल्या माणसाकडून? त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. तो इतिहास अजून बोलतोय, तोवर ऐकून घेऊ.

भेटू पुढच्या भागात. तोवर कान उघडे ठेवा, आणि सम सोडू नका!